'व्हेरिएबल इनटेक'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: पेट्रोल गाडीच्या माहितीपत्रकाचे भाषांतर करताना 'व्हेरिएबल इनटेक सिस्टिम'साठी, म्हणजे इंजिनात हवा आत घेण्याच्या बदलत्या रचनेसाठी, 'परिवर्तनीय अंतर्ग्रहण प्रणाली' लिहिले तर चालेल का?

माझ्या मते लिहू नये. आधी 'परिवर्तनीय' पाहू. 'अनीय' प्रत्यय लागला की 'तसे करण्याजोगे' असा अर्थ येतो: वाचनीय, वंदनीय, शोचनीय. म्हणून 'परिवर्तनीय कर्जरोखे' बरोबर. त्यांचे समभागांत रूपांतर करता येते. इथे मात्र इंजिन चालू असतानाच रचना बदलत असते. संस्कृत शब्दच हवा असेल तर 'परिवर्ती' जवळचा. पण 'बदलता' हा घरचा शब्द असताना तिकडे तरी कशाला जायचे?

खरी अडचण वेगळीच आहे. बदलते काय, हे इंग्रजी नाव सांगतच नाही. बहुतेक इंजिनांत बदलते ती सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांची लांबी. सिलिंडरच्या तोंडाशी असलेली झडप मिटली की धावत आलेली हवा तिच्यावर आदळते, दाबाची लाट उलट फिरते, नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येते आणि असे हेलपाटे घालत राहते. झडप उघडी असताना ती नेमकी दाराशी पोचली, तर एरवीपेक्षा थोडी जास्त हवा आत ढकलली जाते. आता हिशोब पाहा. इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्या होत असताना चार-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणून सेकंदाला २५ वेळा हवा घेतो, म्हणजे दर ४० मिलिसेकंदांनी एकदा. ६००० फेऱ्यांना हे अंतर २० मिलिसेकंदांवर येते. लाट मात्र ध्वनीच्याच वेगाने जाणार, इंजिनाची घाई तिला ठाऊक नाही. मग तिची वाटच कमी करावी लागते. म्हणून कमी फेऱ्यांना लांब नळी, जास्त फेऱ्यांना आखूड. बासरीवर बोटे उचलली की आतला हवेचा स्तंभ आखूड होतो, त्याच्याच जातीची ही गोष्ट.

हे कळले की नाव आपोआप सुचते: 'बदलत्या लांबीची हवानळी'. 'शोषनळी' मी टाळीन. 'शोष' म्हटले की मराठी माणसाला आधी कोरडा घसा आठवतो. 'श्वासनळी' फार गोड आहे, पण ती शरीराने आधीच घेतली आहे. नळ्यांच्या संपूर्ण जुडग्याला गॅरेजात 'मॅनिफोल्ड'च म्हणतात, तो शब्द तसाच ठेवावा. त्याचे 'बहुशाखी' करून वाचणाऱ्याला काहीच जास्त कळत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी अगदी चपखल बसते. पुष्कळ गाड्यांत मॅनिफोल्डच्या आतली एक वेगळी झडप उघडून किंवा मिटून लांब आणि आखूड अशा दोनच वाटा मिळतात. १९९१ साली फ्रान्समधली ल मांची २४ तासांची मोटारशर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीच्या रोटरी इंजिनात मात्र नळ्या दुर्बिणीसारख्या आतबाहेर सरकत आणि लांबी हळूहळू बदले. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने ७ सीरीजच्या आठ सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात लांबी अशी हळूहळू बदलण्याची सोय रस्त्यावरच्या गाडीला दिली. या प्रकाराला 'निरंतर परिवर्ती' कशाला म्हणायचे? 'सलग' आहे ना! पहिली ती 'दोन टप्प्यांची', दुसरी 'सलग बदलणारी'.

भाषांतर करण्याआधी एक खात्री जरूर करा. काही माहितीपत्रकांत 'व्हेरिएबल इनटेक' म्हणताना हवा आत घेणारी झडप उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणे अभिप्रेत असते. ती यंत्रणाच निराळी. तिथे 'झडपांची बदलती वेळ' असे लिहावे लागेल. मजकुरात नळी किंवा मॅनिफोल्डचा उल्लेख असेल, तर वाक्य असे करता येईल: 'या इंजिनाच्या हवानळ्यांची लांबी वेगानुसार बदलते, त्यामुळे कमी आणि जास्त, दोन्ही फेऱ्यांना सिलिंडर चांगला भरतो.'