अमेरिकेची 'फाळणी' झाली का?

'गुलामगिरीच्या वादातून १८६१ साली अमेरिकेची फाळणी झाली' असं लिहिलेलं चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते नाही.

फाळणीला वाटणी करणारा कुणीतरी वर लागतो. बंगालची १९०५ साली कर्झनने केली, १९४७ ची ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने झाली. अमेरिकेत वाटणी कुणी केलीच नाही. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, एवढीच भूमिका घेऊन लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. जिथे ती होती तिथली मोडण्याची भाषा तो तेव्हा करतही नव्हता. तरी २० डिसेंबरला साउथ कॅरोलायनाने संघराज्याशी संबंध तोडल्याचा ठराव केला. फेब्रुवारीपर्यंत सात राज्यं बाहेर पडली, माँटगोमेरीत त्यांचं निराळं सरकार बसलं. एप्रिलमध्ये या सरकारच्या फौजेने संघराज्याच्या ताब्यातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्यानंतर आणखी चार गेली. वॉशिंग्टनमधल्या संघ सरकारने ते सरकार कधीच मानलं नाही, आणि १८६९ साली सुप्रीम कोर्टाने असले ठराव मुळातच रद्दबातल ठरवले.

म्हणून कर्तेपण राज्यांना द्यावं : 'अकरा राज्यं संघराज्यातून फुटून निघाली.' नामच हवं असेल तर 'संघत्याग'. ('विलगीकरण' करोनाने कायमचं नेलं.) 'फुटीर राज्यं' म्हटलं की निकाल आधीच दिल्यासारखा होतो.

रेघ म्हणाल तर एक होती, १८२० सालची, ३६ अंश ३० कला अक्षांशावरची : लुइझियाना खरेदीतल्या (१८०३ साली फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) प्रदेशात, मिसूरी सोडून, तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. पण ती देशाच्या पोटातली. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती पुसली, निर्णय तिथल्या वसाहतकऱ्यांवर सोपवला, आणि कॅन्ससमध्ये गुलामगिरीच्या बाजूची आणि विरोधातली, दोन्हीकडची माणसं घुसून खून पडू लागले.

'गुलामगिरीवाली राज्यं' आणि 'फुटलेली राज्यं' हेही एक नव्हे. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी गुलाम राखून संघातच राहिली. फुटलेल्या राज्यांतले गुलाम मुक्त म्हणणारा लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा त्यांना लागू नव्हता. तेव्हा 'लिंकनने १८६३ मध्ये गुलामगिरी रद्द केली' हेही चूक. देशभर ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने गेली.

युद्धाला 'यादवी' रूढ आहे, पण मी 'गृहयुद्ध' लिहीन. यादव मद्याच्या धुंदीत एकमेकांवर उठले. इथे शुद्धीत, कारणं लेखी देऊन भांडण झालं : आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पुरती जोडलेली आहे, असं मिसिसिपीने आपल्या घोषणापत्राच्या सुरुवातीलाच नोंदवलं आहे.