कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवला तर लाईट बिल किती वाढतं?

साधा ऑफिसकामाचा डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला 60 ते 70 युनिट जळतात; युनिटला 12 रुपये धरले तर साधारण 750 रुपये. लातुरात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथं प्लगला वॅटमीटर लावून बघतो: नुसता चालू डबा 60-70 वॅट, मॉनिटर 20-25. म्हणजे 90 वॅट गुणिले 24 तास, दिवसाला दोन युनिटच्या थोडं वर. पॉवर सप्लायवर 450 वॅट छापलेलं बघून घाबरू नका, ती त्याची कमाल ताकद आहे, रोजचा खर्च नव्हे. स्क्रीनसेव्हरनं काडीचीही बचत होत नाही. स्लीपला टाकला तर दोन-पाच वॅटवर येतो, पण आपल्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही आणि ती गेली की सेव्ह न केलेलं काम गेलं, म्हणून रात्री हायबरनेट बरं, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो. फक्त एक, महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटच्या पुढचे युनिट बरेच महाग पडतात. घरचा वापर आधीच तिथवर असेल तर कॉम्प्युटरचे सगळे युनिट महागाच्या भावानं लागतील. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड असेल तर हा हिशोब धरू नका.