वाचकांचे प्रश्न : सायडिंगमधला वजनाचा दांडा

प्रश्न : परभणीजवळच्या एका स्टेशनाला लागूनच आमचं घर आहे. मृगाच्या आधी खताचा रेक लागतो तेव्हा गुड्स शेडच्या बाजूला एक माणूस जमिनीलगतचा दांडा उचलून दुसऱ्या अंगाला टाकतो, दांड्याला मोठं लोखंडी वजन असतं, आणि मालगाडी दुसऱ्या रुळावर जाते. एवढी अवजड गाडी एका माणसाच्या हातानं वळते कशी? ते वजन म्हणजे कुलूप का? आणि एखाद्या पोरानं तो दांडा टाकला तर एक्स्प्रेस सायडिंगमध्ये, म्हणजे त्या बाजूच्या रुळावर, घुसेल का?

उत्तर : भाऊ, तो माणूस गाडी वळवतच नाही, गाडी यायच्या आधी दोन रेली साडेचार इंच सरकवतो एवढंच. आपण म्हणतो ना गाडीनं सांधा बदलला, तो सांधा म्हणजे हाच, यार्डात त्याला पॉइंट म्हणतात. बाहेरच्या दोन रेली जागच्या हलत नाहीत, त्या स्टॉक रेल, आणि त्यांच्या आतल्या अंगाला दोन टंग रेल असतात, जिभेसारख्या, टोकाकडं रंधा मारल्यावाणी पातळ होत गेलेल्या. ह्या दोन जिभा आडव्या लोखंडी पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि दांड्याचा रॉड त्यांनाच जोडलेला असतो, म्हणून दांडा टाकला की एक जीभ आपल्या स्टॉक रेलला चिकटते अन् त्याच वेळी दुसरी सुटते, तिथं ब्रॉडगेजला साधारण ११५ मिलिमीटरची फट पडते. चाकाला आतल्या बाजूनं कड असते, ती सुटलेल्या बाजूच्या फटीतून बिनबोभाट जाते आणि चिकटलेल्या बाजूला मात्र जिभेला घासत तिच्या मागं मागं वळते. म्हणून बघा, डावी जीभ चिकटलेली असेल तर गाडी उजवीकडं जाते, नवीन पोरांचा इथंच लई घोळ होतो.

आता वजनाचं. ते कुलूप नाही, आणि हे नीट समजून घ्या कारण मी स्वतः त्यातून गेलोय. वजन फक्त जिभेला दाबून धरतं, म्हणजे हादऱ्यानं ती परत सुटू नये, बस. मी शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडं हलवायच्या कामाला असताना एका खाजगी सायडिंगमध्ये रात्री पावसात दांडा टाकला, धप्पकन आवाज आला, म्हटलं झालं, आणि बत्ती दाखवून गाडी मागं घेतली. जीभ आणि स्टॉक रेलच्या मध्ये खडीचा एक तुकडा अडकला होता, बोराएवढा, त्यामुळं वजन पुरतं बसलंच नव्हतं, दोन बोटं वर राहिलं होतं, अंधारात ते दिसलं नाही आणि मी वाकून बघितलं पण नाही. एक चाक सरळ निघालं, जोडीचं चाक वळायला लागलं, दोघांना दोन वाटा आणि वाघीण, म्हणजे मालडबा, रुळावरून खाली. कुणाला लागलं नाही म्हणून आज सांगतोय. तेव्हापासून दांडा टाकल्यावर जिभेच्या टोकापाशी जाऊन बॅटरी मारून फट बघितल्याशिवाय मी कधी हात दाखवला नाही, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला आधी तेच शिकवलं, दांडा पडला म्हणजे पॉइंट लागला असं नसतं. मेन लाईनच्या पॉइंटला तर मुद्दाम ५ मिलिमीटरची पट्टी मध्ये घालून तपासतात, तेवढ्या फटीत पॉइंट लॉक झाला तर तो नापास.

आपल्याकडं पावसाळ्यात काळी माती खडीतून वर येते, ती जिभेखालच्या सरकपट्ट्यांवर बसते, ग्रीसमध्ये मिसळून लगदा होतो आणि मग दांडा दोघांनी ओढला तरी हलत नाही. तिथं जोर काढून उपयोग नसतो, खरवडून साफ करून परत तेल द्यावं लागतं.

आणखी एक, गाडी उलट्या बाजूनं म्हणजे दोन रूळ मिळून एक होतात तिकडून आली आणि पॉइंट चुकीचा लागलेला असला, तर नुसत्या वजनाच्या पॉइंटवर चाकाची कड जिभेला ढकलत जाते, वजन उचललं जातं आणि चाक पुढं गेलं की परत पडतं. गाडी निघून गेली तर ठीक, पण अर्धी वाघीण पलीकडं गेल्यावर ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली तर पुढची चाकं एका रुळावर अन् मागची दुसऱ्यावर. म्हणून तसं झालंच तर मागं घ्यायचंच नाही, आधी उतरून बघायचं. आणि पॉइंटला क्लॅम्प, म्हणजे जीभ स्टॉक रेलला आवळून धरणारा लोखंडी चाप, मारलेला असेल तर जीभ सरकायला जागाच नाही, काहीतरी वाकणार नाहीतर तुटणार.

तुमच्या एक्स्प्रेसची काळजी मात्र सोडा. सायडिंग मेन लाईनला जिथं मिळते तिथला पॉइंट असा मोकळा ठेवत नाहीत. तो किल्लीच्या कुलपानं बंद असतो आणि पॉइंट मेन लाईनसाठी लावून कुलूप घातल्याशिवाय किल्ली निघतच नाही. किल्ली मास्तरांकडं, आणि ती बाहेर दिलेली असेल तोवर त्या लाईनचा सिग्नल हिरवा होत नाही. शिवाय सायडिंगच्या तोंडाशी ट्रॅप पॉइंट असतो, आतली एखादी वाघीण ब्रेक सुटून घरंगळली तर तो तिला तिथंच रुळावरून खाली उतरवतो, मेन लाईनवर येऊ देत नाही. एक वाघीण खाली उतरली तर उचलता येते. तरी पोरांना त्या दांड्यापासून लांबच ठेवा, वजनाखाली पाय आला तर चेंदामेंदा होतो.

मोटरवरच्या पॉइंटचंही असंच आहे. मोटर बंद पडली की मास्तर क्रँक हँडल देतात, हँडल मोटरच्या यंत्रात घातलं की मोटरचा करंट तुटतो, म्हणजे हात आत असताना ती अचानक फिरत नाही. पॉइंट्समन हातानं फिरवून जीभ बसवतो, वाकून बघतो, क्लॅम्प मारतो, कुलूप घालतो, किल्ली खिशात ठेवतो आणि मगच गाडी हळू सोडतात. रात्री कधी तुमची गाडी स्टेशनाबाहेर वीस मिनिटं उभी राहिली आणि पुढं रुळात एक बत्ती हलताना दिसली, तर बऱ्याचदा तिथं हेच चाललेलं असतं.