मे अखेरीस खानदेशात घरच्या बागेत काय टिकतं आणि काय जळतं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याहून जळगावला बदली झाली, फेब्रुवारीत अंगणात आणि गच्चीवर हौसेने भाज्या-फुलझाडं लावली, रोज दोनदा पाणी घालूनही मे अखेर अर्धी बाग जळाली, तर काय चुकलं?

"रोज दोनदा" वाचून थोडं हसू आलं, माफ करा. मी भुसावळला राहते. घरामागे चार खाटा मावतील एवढं परस आणि वर स्लॅब. सुरुवातीची दोन वर्षं मीही हेच केलं. दुपारी गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल मान टाकून पडला की बादली घेऊन धावायचे. शेजारच्या आजी भिंतीवरून म्हणाल्या, "त्याले पानी नको, सावली दे." आजींचं खरं होतं. भर दुपारी पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात आणि दिवस कलला की आपोआप सावरतात. सकाळी सहाला झाड मलूल दिसलं तर ते खरंच तहानलेलं असतं. मी दुपारी ओतून ओतून वांग्याची तीन झाडं मुळापासून कुजवली आणि दोष उन्हाला दिला.

दुसरी गोष्ट वारा. इथे पारा ४५ च्या पुढे जातो हे तुम्हाला आता कळलंच असेल, पण झाडाला उन्हाइतकाच पश्चिमेकडून येणारा गरम वारा शोषतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागा बघा, कडेने शेवरी किंवा नेट लावलेली दिसेल. ते बघून मीही हिरवी नेट डोक्यावरून काढून पश्चिमेला उभी बांधली. एवढ्या एका बदलाने चवळीची पानं करपायची थांबली. वरून नेट फक्त मिरचीला आणि नव्या रोपांना, तीही ५० टक्के ऊन अडवणारी. त्याहून दाट लावली की झाडं नुसती उंच आणि लेचीपेची होतात.

गच्चीचं तर सोडूनच द्या. स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या पिशवीत दुपारी बोट घालून बघा, माती चटका देते. त्यात मूळ काय जगणार! एप्रिलमध्येच मी कुंड्या खाली पूर्वेच्या भिंतीशी आणते, एकमेकींना चिकटवून ठेवते आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळते. मातीवर वाळक्या पानांचा चार बोटं थर.

आता माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून महिनाभर मोगऱ्याला घातलं. पानांच्या कडा तपकिरी होऊन झाड बसलं. बोअरचं पाणी आधीच जड, त्यातलं पाणी कूलरमध्ये उडून जातं आणि क्षार खाली राहतात. म्हणजे मी दररोज थोडंथोडं मीठच घालत होते. तुमच्या कुंड्यांच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर हेच कारण.

पाण्याचं जमलेलं गणित म्हणजे घागर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी नवी घागर भरतो, मागच्या वर्षीची रिकामी असते. ती वेलाच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरायची, पाणी भरून वर झाकण ठेवायचं. पाणी झिरपत राहतं, मुळं तिच्याभोवती गोळा होतात. पहिल्या वर्षी मात्र घागर चार दिवस तशीच भरलेली! क्षारांनी छिद्रं बुजली होती. लिंबू लावून बाहेरून घासली तेव्हा पाझरली.

टिकणाऱ्यांत गवार पहिली. तिला ऊन मानवतं. चवळी, भेंडी, कढीपत्ता, मायाळू हेही ठीक. भेंडीवर पांढऱ्या माशीने हळद्या (पानं पिवळी पाडणारा रोग) आणला तर पिवळं पडलेलं झाड सरळ उपटा, औषधाने ते सुधारत नाही. घोळीची भाजी तर न लावता घागरीच्या ओलीवर उगवते, मुगाच्या डाळीत छान लागते. टोमॅटोच्या नादी लागू नका. इथल्या गरम रात्रींत फुलं येतात आणि गळतात, खत घालून उपयोग नाही. कोथिंबीर उगवलीच तर वीतभरात तुऱ्यावर जाते.

गिलक्याला मेमध्ये नुसती नरफुलं येतात, घाबरून वेल काढू नका. ढगाळ दिवस लागले की मागे बारीक गिलकं असलेली मादीफुलं दिसू लागतात. मधमाशा नसतील तर नरफूल तोडून हाताने फिरवा. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. हे माहीत नसताना आठ दिवस रोज सकाळी दोडक्याच्या मिटलेल्या फुलांशी झटत होते. घरच्यांनी अजून त्यावरून चिडवणं सोडलेलं नाही.

लिंबाला मात्र पाण्याची पाळी चुकवू नका. आता कोरडं ठेवलंत आणि मृगाचा पाऊस एकदम पडला, तर फळं तडकतात.

जे जळालं ते लगेच उपटू नका. जास्वंद, मोगरा यांच्या बुडाशी नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर वरचं वाळकं छाटा, सकाळी एकदाच पाणी द्या आणि खत अजिबात घालू नका. माझा कूलरच्या पाण्याने बसलेला मोगरा तीन वेळा साध्या पाण्याने माती धुतल्यावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बुडातून फुटला. फुलं यायला पुढचा उन्हाळा उजाडला.