फोटोंचं फोल्डर झिप केलं तरी साइज तेवढीच का राहते? रार किंवा सेव्हन-झिप वापरलं तर फरक पडेल का?

फोटोंना नाही पडणार. ड्रॉइंगना पडेल, कधीकधी चांगलाच.

तुम्ही लिहिलंय की कास्टिंगचे (ओतीव भागांचे) ६० एमबीचे फोटो झिप करून ५९ झाले, आणि त्याच मशीनवर ४० एमबीच्या स्टेप फाइली, म्हणजे थ्रीडी ड्रॉइंग, मात्र ८ वर आल्या, म्हणजे झिपच गंडलंय का. झिप बरोबर आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नची (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात त्या नमुन्याची) थ्रीडी मॉडेलं करून फाउंड्रीवाल्यांना पाठवतो, त्यामुळं दोन्ही प्रकार रोज हातातून जातात.

एखादी स्टेप फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत सरळ मजकूर असतो. ओळीमागून ओळ तेच: एक क्रमांक, पुढं 'कार्टेशियन पॉइंट', मग कंसात तीन आकडे. मधूनच 'डायरेक्शन' येतं, तेही ढिगानं. झिपमधली डिफ्लेट ही पद्धत असल्या पुनरुक्तीवरच जगते. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा दिसला की तो परत लिहायचा नाही, 'इतकं मागं जा, तिथून इतकं उचल' एवढी खूण ठेवायची. ही कल्पना लेम्पेल आणि झिव या दोघांची, १९७७ सालची. तिच्यावर हफमनची १९५२ ची पद्धत चढते: सारखं सारखं येणाऱ्याला आखूड कोड, क्वचित येणाऱ्याला लांब. फिल कॅट्झ या प्रोग्रामरनं १९८९ मध्ये झिप आणलं आणि पुढं ही जोडी त्यात बसवली.

मराठी मजकूर तर याहून मजेशीर दबतो. दूध संस्थेच्या सभासदांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ता. करवीर, जि. कोल्हापूर' असतंच. शिवाय युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. त्यातला पहिला बाइट कायम एकच, दुसरा दोनपैकी एक. खरी माहिती काय ती तिसऱ्यात. झिपला आणखी काय पाहिजे!

जेपीजी फोटोत ही चैन नसते, कारण तो कॅमेऱ्यातून बाहेर पडतानाच दाबलेला असतो. डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारकावे आधी टाकून दिलेले, उरलेल्यावर बहुतेक वेळा हफमनच फिरवलेला. पुनरुक्ती संपलेली आहे, आता पिळून काय निघणार? व्हिडिओ आणि एमपीथ्रीचं तेच. वर्डची डॉक्सएक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्स या तर मुळात झिपच आहेत. विश्वास बसत नसेल तर कॉपी काढा, नावाच्या शेवटी डॉट झिप करा आणि उघडा, आत फोल्डरं दिसतील. झिपला परत झिप करून बघणारेही भेटतात. त्यानं साइज उलट किंचित वाढते. काहीही न गमावता प्रत्येक फाइल लहान करणारी पद्धत असूच शकत नाही. असती तर तीच परत परत फिरवून अख्खी हार्डडिस्क एका बाइटात मावली असती.

आता सेव्हन-झिप. झिप प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबतं, आणि मागं वळून बघायची त्याची मर्यादा फक्त ३२ केबी. तुमच्याकडं एकाच पंप बॉडीची दहा रिव्हिजन असतील तर त्या एकमेकींसारख्या आहेत हे झिपला कळतच नाही. सेव्हन-झिपचा स्वतःचा सेव्हन-झेड फॉरमॅट सगळ्या फाइली सलग धरतो आणि कितीतरी एमबी मागचं लक्षात ठेवतो, त्यामुळं अशा फोल्डरवर तो झिपला सहज मागं टाकतो. रारमध्येही 'सॉलिड' नावानं ही सोय आहे, पण रार बनवायला विनरार विकत घ्यावं लागतं आणि सेव्हन-झिप फुकट आहे, त्यामुळं मी त्या वाटेला जात नाही. तोटा एवढाच की सलग दाबल्यामुळं मधे कुठं फाइल खराब झाली तर तिच्या पुढचंही हाताला लागत नाही. आणि समोरच्याकडं जुनं विंडोज असेल तर त्याला सेव्हन-झेड उघडत नाही. विंडोज ११ ला ते २०२३ पासून जमतं. अनोळखी पार्टी असेल तर मी निमूटपणे झिपच पाठवतो.

फोटो लहानच करायचे असतील तर लांबी-रुंदी कमी करा. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो १६०० वर आणला की पिक्सेल सहाव्या हिश्शाच्याही खाली येतात. मात्र ब्लोहोल (कास्टिंगमध्ये वायूमुळं पडलेलं भोक) किंवा क्रॅक दाखवायचा असेल तर तसं करू नका, तेवढा भाग कापून मूळ दर्जात पाठवा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, त्यावरचं ड्राइव्हची लिंक देऊन. फोटो झिप करूच नका असंही नाही. चाळीस फोटो एका फाइलीत बांधले की एखादा गहाळ होत नाही, हा फायदा आहेच.

पाठवल्यावर पार्टीचा फोन येतो, "ओ, फाइल उघडंना झालीया." बहुतेक वेळा डाउनलोड अर्धवट झालेलं असतं. झिपमध्ये आत काय काय आहे याची यादी फाइलीच्या अगदी शेवटी असते, त्यामुळं शेपूट तुटलं की विंडोजला अख्खी फाइलच अवैध वाटते. आधी दोन्हीकडची साइज बाइटपर्यंत ताडून बघा. फाइलींची नावं मराठीत असतील आणि समोर विंडोज ७ असेल तर तो वेगळा घोळ. तिथं नावं इंग्रजी ठेवलेली बरी.

पासवर्डचं तुम्ही शेवटी विचारलंय. झिपला पासवर्ड घातला तरी आतल्या फाइलींची नावं कुणालाही दिसतात, म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव फाइलीच्या नावात असेल तर ते उघडंच. सेव्हन-झेडमध्ये नावं झाकायचा वेगळा पर्याय आहे, तो टिक करा. झिपच वापरायचं असेल तर एन्क्रिप्शनमध्ये झिपक्रिप्टो ही जुनी, कच्ची पद्धत न ठेवता एईएस-२५६ ही भक्कम पद्धत निवडा. पण एईएसवालं झिप विंडोजच्या स्वतःच्या झिपमध्ये उघडेलच असं नाही, समोरच्याला सेव्हन-झिप टाकायला आधीच सांगून ठेवा.