सेप्सिसवर प्रबंध लिहायला निघालेल्या पोरीला

प्रिय पोरी,

एमडीच्या प्रबंधाला ‘सेप्सिस आणि कॉम्प्लिमेंट’ घेतलंस, बरं केलंस. सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराचा बिघडलेला, जिवावर बेतणारा प्रतिसाद; कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं. फक्त पुस्तकातले बाण घोकत बसू नकोस. क्लासिकल, लेक्टिन, ऑल्टरनेटिव्ह, कॉम्प्लिमेंट पेटवणाऱ्या तिन्ही वाटा त्यातलं सी३ हे प्रथिन फोडायलाच येतात. तिथेच मुक्काम ठोक. त्याचा सी३बी हा तुकडा जंतूला चिकटला की न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी त्याला गिळते. सी५बी ते सी९ मिळून जंतूच्या पडद्याला भोक पाडतात, ते चित्रात दिमाखदार दिसतं खरं. पण न्यूमोकॉकससारख्या जाड भिंतीच्या जंतूपुढे त्याची मात्रा चालत नाही. मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूला मारायला मात्र तेच भोक लागतं. म्हणून तर सी५ अडवणारं एक्युलिझुमॅब हे औषध सुरू करण्याआधी त्या जंतूची लस टोचतात.

आता वॉर्डात ये. खानापूरकडचा शेतकरी, शुगरचा पेशंट, पायाला कोयता लागलेला, जखमेत हळद दाबलेली. मुलगा सांगतो, “कालपासनं थंडी भरून ताप येऊलाय.” नाडी 130, श्वास 28, बोलणं असंबद्ध. सुरुवातीला सी५ फुटून निघालेला सी५ए तुकडा न्यूट्रोफिलना जखमेकडे बोलावतो, ते हवंच असतं. त्याचा पूर आला की त्याच पेशींवरचे सी५ए पकडणारे रिसेप्टर घटतात, त्या मंदावतात. रक्त जागोजागी गोठू लागतं, केशिका पाझरतात. सेप्सिसच्या 2016 च्या व्याख्येत शरीराच्या बिघडलेल्या प्रतिसादावर भर आहे तो यासाठीच. नातेवाईक ‘ताकदीचं इंजेक्शन’ मागतील. रागावू नकोस, समजावून सांग. कॉम्प्लिमेंट रोखणारं औषधही सेप्सिसच्या नित्य उपचारात अजून नाही. आधी ब्लड कल्चर, मग तासाभरात अँटिबायोटिक, सलाईन, आणि पायातला पू काढणं. प्रबंधासाठी रक्ताची नळी त्यानंतर.

त्या नळीचं नीट ऐक. सी३ए, सी५ए हे तुकडे मोजायचे तर रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची नळी, लगेच बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज. साध्या नळीत रक्त गोठतानाच कॉम्प्लिमेंट पेटतं आणि तुला पेशंटचा नव्हे, नळीचा आकडा मिळतो. एप्रिलच्या उन्हात तालुक्याहून बसने आलेलं सॅम्पल घेऊच नकोस, कोणी कितीही गळ घातली तरी.

सी३चा एकच आकडा बघून निष्कर्ष काढशील तर फसशील. सूज आली की यकृत सी३ जास्त बनवतं, त्यामुळे भरपूर खर्च होऊनही आकडा नॉर्मल दिसू शकतो. उलट दारूने यकृत गेलेल्याचा तो आधीच खाली असतो. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी मोज, सिरॉसिसवाले (यकृत आकसलेले) वेगळे काढ.

संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत छाप. एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी मसुदा घेऊन रविवारी घरी ये, सकाळीच. दुपारी मी झोपतो.

तुझा,
सर