पायलट बुश की पायलट बेअरिंग?

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वाडीतल्या मिस्त्रीने जुन्या जीपचा गिअरबॉक्स उतरवला आणि चिठ्ठीवर ‘पायलट बुश’ लिहून दिलं. दुकानदाराने मात्र ‘पायलट बेअरिंग एकच’ म्हणत नीडल बेअरिंग, म्हणजे आत बारीक सुयांसारखे रोलर असलेलं बेअरिंग, पुढे केलं. हे दोन शब्द एकाच वस्तूचे का?

नाही. जागा एक, वस्तू दोन.

फिरत्या दांड्याला आधार देतं ते बेअरिंग. मराठी विश्वकोशात त्याला ‘धारवा’ म्हटलंय, पण धारवा मागितला तर काउंटरवरचा पोरगा तुमच्याकडे बघतच राहील. बुश हा त्यातलाच एक प्रकार, ज्यात ना गोळ्या ना सुया, नुसती नळी. बंडीच्या चाकाच्या तुंब्यात असते तशी. म्हणजे बुशला बेअरिंग म्हटलं तर चालतं, पण प्रत्येक बेअरिंगला बुश म्हणता येत नाही. ‘बुश’चा झुडपाशी काही संबंध नाही, तो जुन्या डच भाषेतल्या डबीवाचक शब्दावरून आला. अमेरिकन पुस्तकांत ‘बुशिंग’ दिसतं. आपल्याकडे इंग्रजांचा ‘बुश’ रुळला. सस्पेन्शनचे रबरी बुश वेगळे, म्हणून चिठ्ठीवर ‘पायलट’ हवंच.

हा पायलट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या तोंडात बसतो आणि क्लच शाफ्टचं, म्हणजे क्लचमधून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्याचं, टोक सावरतो. क्लच सोडलेला असताना क्रँक आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे त्याला काही काम नसतं. गाडी गिअरमध्ये उभी करून क्लच दाबला की शाफ्ट थांबतो, क्रँक फिरत राहतो, आणि घासणं सुरू होतं. पेडल पूर्ण दाबल्यावरच आवाज येत असेल तर संशय पायलटवर. पेडलला नुसता पाय लागताच आवाज आला तर बहुधा क्लच बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारं वेगळं बेअरिंग.

आता निवड. मूळचा पितळी-काशाचा बुश असेल तर बुशच घ्या. त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये ठेवा, ग्रीस लावू नका, छिद्रं बुजतात. नीडल बेअरिंग हलकं फिरतं, पण त्याला कडक, गुळगुळीत शाफ्ट लागतो. टोकावर नखाला लागेल अशी रेघ असेल तर सुया तिथेच खायला लागतात, आणि बेअरिंग फुटलं तर शाफ्टही जातो. बुश आधी स्वतः झिजतो. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी सुट्या भागाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा इथे दहा-वीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

आणखी एक. मिस्त्री म्हणतो ‘बुश गेला’, पण ‘बेअरिंग गेलं’. बुश पुल्लिंगी, बेअरिंग नपुंसकलिंगी. फोनवर मिस्त्रीचं बोलणं नीट ऐकलं तर क्रियापदावरूनही कळेल त्याला काय हवंय ते.